रविवारचं हळदीकुंकू

आई, मला सध्या माणसांची किळस येते आहे आणि त्याबद्दल बोलायला मला तूच आठवलीस. तू गेलीस तेव्हा जी जेमतेम रांगत होती ती माझी लेक आता टीव्हीसाठी लिहिते. तिकडे लॉस एंजेलिसला एका खोलीत काही जण दिवसभर बसतात, एकमेकांना आपापल्या घरच्या गोष्टी सांगतात आणि त्यातून मालिकेचे भाग तयार होतात. तिची मालिका विनोदी आहे. तुमच्याच काळात अमेरिकेत आलेलं एक मराठी कुटुंब, बाबा डॉक्टर, आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. ती आई पदर खोचून, वर बाबांचं जाकीट चढवून अंगणातला बर्फ उपसते. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टीव्ही थांबवून बराच वेळ नुसती बघत बसले होते. तू अगदी अशीच दिसायचीस.

सुरुवातीच्या एका भागात एक गोरा पेशंट त्या डॉक्टर बाबांना अंगाला हात लावू देत नाही, दुसरा डॉक्टर बोलवा म्हणतो. तो भाग आमच्या इथल्या, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या महाराष्ट्र मंडळात फार गाजला. व्हॉट्सॲपवर फुलं काय, जोडलेले हात काय. आपल्या मुलीने यांना बरं सुनावलं, आपण काय काय सोसलं ते एकदाचं बाहेर आलं, वगैरे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिचा सत्कार करायचा ठरला आणि शाल कोणत्या रंगाची असावी यावर चांगली घनघोर चर्चा झाली. मग डिसेंबरात पुढचा एक भाग आला. त्यात टीव्हीवरची आई आपल्या लॅबमधल्या काळ्या मैत्रिणीला हळदीकुंकवाला बोलावते. बाकीच्या सगळ्या जणींना शनिवारी, आणि तिला एकटीला रविवारी. ती छान नटून येते आणि घरात बाकी कोणीच नसतं. हो आई, तेच. मीच सांगितलं ते लेकीला.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं ते लिहितानाही हात धुवून यावेसे वाटतात. अनोळखी अमेरिकन माणसं लिहू लागली की आम्ही दिवसभर राबून संध्याकाळी हसायला बसतो, आम्हाला शिकवू नका, प्रत्येक गोष्टीत रंग कशाला आणता. हे त्यातले सभ्य. बाकीच्यांनी मैत्रिणीचं काम करणाऱ्या नटीच्या फोटोला जनावराचं तोंड चिकटवलं आणि तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलांबद्दल असं काही लिहिलं की ते मी कागदावर उतरवणार नाही. माझ्या लेकीला सांगितलं, तुझ्या देशात परत जा. ती जन्मली इथे न्यू जर्सीत, एडिसनच्या हॉस्पिटलात, आता परत जाऊन जाऊन जाणार कुठे, एडिसनला? पण या लोकांची मला लहानपणापासून सवय आहे. शिसारी आली ती आपल्या माणसांची. ज्या बोटांनी फुलं पाठवली होती त्याच बोटांनी त्यांनी लिहिलं की हिने हळदीकुंकवाची बदनामी केली, हिला आपल्या संस्कृतीची लाज वाटते, गोऱ्यांकडून टाळ्या मिळवायला हिने स्वतःची आजी विकली. एका काकांनी शंका काढली की हळदीकुंकवाला सवाष्णीच बोलावतात, ती बाई सवाष्ण नसेल. तिचा नवरा सिटी बस चालवायचा आणि चांगला धडधाकट होता, पण ते यांना कोण सांगणार? टेक्सासमधल्या प्लेनोहून मावसभावाने फोन केला. म्हणाला, "अगं, गोऱ्यांनी केलं तर तो रेसिझम. आपल्या बायकांना जरा ऑकवर्ड वाटलं, एवढंच. इतका डिफरन्स कळत नाही तिला?" तो चेष्टा करत नव्हता. आणि मग मंडळाकडून निरोप आला की वेळेअभावी यंदाचा सत्कार कॅन्सल केला आहे.

असं आपल्यात कधी नव्हतं, हे ते सगळेच जण लिहीत होते. आई, मला तो शनिवार आठवतो. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या त्या भाड्याच्या घरात हीटर पूर्ण सोडलेला आहे आणि काचांवर आतून पाणी धरलं आहे. बायका पैठणीवर जाडजूड कोट घालून येतात, दारात बुटांची रांग लावतात, मोजे काढून पायांत जोडवी नीट करतात. मी चौदा वर्षांची आहे आणि माझ्याकडे अत्तरदाणी दिलेली आहे. तू वाण म्हणून मापाच्या पेल्यांचा संच लुटलास, कारण इथल्या रेसिपी कोणालाच जमत नव्हत्या. तू इतकी आनंदात होतीस. रात्री उरलेले तिळाचे लाडू डब्यात भरताना तू मला म्हणालीस, "उद्या आमच्या लॅबमधली येणार आहे, तिला सकाळचं बोलावलंय." आज का नाही बोलावलं, मी विचारलं. तू डब्याचं झाकण दाबून लावलंस आणि म्हणालीस, "बाकीच्यांना अवघडल्यासारखं होईल गं." बाकीच्यांना तू विचारलंही नव्हतंस.

आमच्या लॅबमधली. तुझ्या तोंडून पाहुण्यांसमोर तिचं नाव मी कधी ऐकलं नाही. तुझा पहिला थंडीचा कोट तिने आणून दिला होता, बहिणीचा आहे, तिला होत नाही म्हणून. बस चुकली की ती वाट वाकडी करून तुला घरी सोडायची. पेशंट तुझ्याकडून रक्त काढून घ्यायला तयार नसायचे, दंड मागे ओढून घ्यायचे, तेव्हा ती बाजूच्या टेबलावरून न वळता सांगायची की आज दुसरं कोणी नाही, थांबायचं तर उद्यापर्यंत थांबा. हे सगळं तू आम्हाला जेवताना सांगायचीस, तिची नक्कल करून, आणि आम्ही सगळे पोट धरून हसायचो. तिचा तुला किती आधार होता हे तुला माहीत होतं. मग ते चारचौघांसमोर सांगायला काय झालं होतं?

रविवारी घंटा वाजते आणि दार मी उघडते. ती चर्चमधून थेट आली आहे, अंगात मोरपंखी सूट, डोक्यावर त्याच रंगाची हॅट, हातात केक. तू कधीतरी सांगितलं होतंस की आमच्या घरी सणाला अंडं चालत नाही, म्हणून तिने तो बिनअंड्याचा करून पाहिला होता आणि तो मधोमध बसला होता. ती त्यावरून स्वतःलाच हसते. मग आत बघते. "मी फार लवकर आले का?" म्हणते. तू स्वयंपाकघरातून येतेस आणि सांगतेस की बर्फामुळे बाकीच्यांना जमलं नाही. आई, त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. आणि दारातल्या पायपुसण्यावर आदल्या दिवशीच्या बुटांचे डाग होते, बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचे पांढरे, एकाला लागून एक, जोडीजोडीने. तिने ते पाहिले. मी तिला ते पाहताना पाहिलं. मग तिने आपले बूट काढले, त्या डागांच्या शेवटी नीट ठेवले आणि आत येऊन बसली. तू तिला हळदकुंकू लावलंस, अत्तर लावलंस, ओंजळीत फुलं दिलीस, आणि वाण एक नाही, दोन दिलेस. अगदी मनापासून केलंस सगळं. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

पुढेही ती तुला गाडीतून सोडत राहिली, तू लायसन्स काढेपर्यंत. घरात मात्र पुन्हा आली नाही, आणि तूही बोलावलं नाहीस. तुम्ही दोघी त्याबद्दल कधीच बोलला नाहीत, हे मला ठाऊक आहे, कारण तू गेलीस त्या वर्षी हॉस्पिटलच्या खाटेवर मी तुला विचारलं होतं. तू खिडकीकडे बघून म्हणालीस, "त्यात काय बोलायचं होतं?" तुझ्या अंत्यविधीला ती आली होती, हे तुला कोणी सांगितलं नसेल. मागच्या खुर्चीवर बसली होती, केस पांढरे झालेले. मी तिला म्हटलं, आम्ही कळवणारच होतो, गडबडीत राहिलं. तिने माझा हात धरला आणि सांगितलं की दिवस आणि वेळ तिने फ्युनरल होमला फोन करून स्वतःच विचारून घेतली होती. आवाजात टोमणा नव्हता. आपल्याकडच्या माणसांनी सांगितलेल्या दिवसावर विसंबायचं नाही, एवढं ती शिकली होती.

आता टीव्हीवरचा शेवट ऐक. मी लेकीला सांगितलं ते इतकंच, डागांपर्यंत. पण तिच्या भागात सोमवार आहे. टीव्हीवरची आई सोमवारी लॅब सुटल्यावर केकचा रिकामा डबा घेऊन मैत्रिणीच्या दारात जाते, थंडीत उभी राहते आणि तिची माफी मागते. मैत्रीण तिला बराच वेळ दारातच उभी ठेवते आणि मग आत घेते. मी लेकीला विचारलं, हे कुठून आणलंस? "मॉम, शी शुड हॅव हॅड अ मंडे," ती म्हणाली. आजीला एक सोमवार मिळायला हवा होता, एवढंच. तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं. आता या सगळ्या घाणीनंतर तिने पुन्हा फोन केला, आवाज बारीक झालेला. लिहिणाऱ्यांच्या खोलीतही लोक तिला विचारायला लागले होते, हे तू रचलंस का? "मॉम, डिड इट हॅपन ऑर नॉट? आय नीड यू टु से इट." ती कधी माझ्याकडे काही मागत नाही, आई.

त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला. तुझ्या ॲन आर्बरच्या मैत्रिणींतल्या थोरल्या, त्या शनिवारी आपल्या सोफ्यावर मधोमध बसलेल्या. त्या मुलाजवळ राहायला म्हणून इकडे आल्या आहेत आणि मंडळात त्यांचा शब्द चालतो. म्हणाल्या, "अगं, हळदीकुंकवाला तू फक्त उभी राहा आणि दोन वाक्यं बोल. हे सगळं काल्पनिक आहे, आमच्या घरी असं काही झालं नव्हतं. पोरीचा सत्कार तिथल्या तिथे करून टाकू. तुझ्या आईचंही नाव राहील." तुझं नाव मध्ये आणल्यावर मी फोन ठेवला. पण गेले. शाळेच्या कॅफेटेरियात दीडदोनशे बायका, स्पीकरवर गाणी, वाण म्हणून बांबूची पोळपाट-लाटणी. माइक हातात आला तेव्हा मी सांगितलं की टीव्हीवर दाखवलेलं आमच्या घरी झालं आहे, आणि त्या रविवारी दार मी उघडलं होतं. कोणीतरी गाणी बंद केली. माझ्या समोरच्या बाईने आपल्या मुलीचे कान झाकल्यासारखा तिचा चेहरा स्वतःकडे वळवला. जणू मी काही घाणेरडं बोलले होते. टाळी एकीनेही वाजवली नाही आणि मला ती नकोच होती.

कोट घालताना काकू आल्या. मला वाटलं आता भांडतील, आणि मी तयारच होते. पण त्या माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "आम्ही कुठे नको म्हटलं होतं? आम्हाला कुणी विचारलंच नाही गं." मी म्हटलं, "नाही विचारलं, काकू." त्यांची बोटं हळदीने पिवळी झाली होती. मग एकदम हळू आवाजात त्यांनी विचारलं, "सोमवारचं तरी खरं आहे ना? तुझ्या आईने माफी मागितली ना तिची?" मी म्हटलं, "हो काकू. मागितली."

"बरं झालं बाई," म्हणून त्या गेल्या आणि आपल्या टेबलावर जाऊन सांगितलं. मी गाडी सुरू करेपर्यंत ते ग्रुपवर आलं होतं. त्यांच्या आईने माफी मागितली होती बरं का. चूक झाली तरी ती पोटात न ठेवणं हेच आपले संस्कार. वर पुन्हा फुलं. पुढच्या वर्षी सत्कार करू, शालीचं बघू. ज्यांनी सगळा भाग खोटा ठरवला होता त्यांनी त्यातलं एकुलतं एक खोटं उचललं आणि त्याने हात पुसले, आणि तो रुमाल मीच त्यांच्या हातात दिला होता. लेकीला मी घरी आल्यावर सांगितलं, की झालं होतं, मी उभी राहून बोलले. काकूंना काय म्हणाले ते तिला सांगितलं नाही.

मी काकूंची दया येऊन हो म्हटलं नाही. मंडळाला घाबरून तर नाहीच. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण यापुढचं तुला वाचू द्यायचं नाही. हो म्हणताना मला तू त्या थंडीत तिच्या दारात डबा घेऊन उभी दिसलीस, आणि इतक्या वर्षांनी तेवढा वेळ मला तू आवडलीस.