तळं रिकामं होण्याआधी

चांदा, १२ सप्टेंबर १९५६

१. बागेतल्या तळ्याचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, गळतं. दुरुस्तीचा नकाशा मीच काढला.
२. त्यासाठी शनिवारी तळं रिकामं करणार.
३. आज तिथे टिबुकली हे बुड्या मारणारं पाखरू दिसलं, पाठीवर दोन पिलं.

फार थकले आहे. पाणी गेलं की तिचं तरंगतं घरटं चिखलात बसेल, आणि काठावर कुत्री. पिलांना अजून उडता येत नाही.

चौकीदार हसला, "बाई, रोज येऊन राह्यल्या! तळ्यात सासर हाये का तुमचं?"

पिलं पाठीवरून घसरत होती, पुन्हा चढत होती. कचेरीत मी एकटीच बाई. पाखरांसाठी काम थांबवा म्हटलं तर... हसू देत. साहेबांना उद्या हेच देईन:

"पिलं उडेपर्यंत तळं रिकामं करू नये, ही विनंती. शुक्रवारपर्यंत उत्तर कळवावे."