चुकलेली खूण

ती. वन्सं यांना नमस्कार.

गणिताच्या मुरलेल्या बाई तुम्ही; निवृत्ती जवळ आलेली असताना ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत गेलात. तेव्हा मीच म्हणाले होते, "आता या वयात हातवारे शिकणार?"

परवा तुमच्या वर्गात मागे बसून पाहिलं. तुम्हाला खुणेनं 'बसा' म्हणायचं होतं, खूण झाली 'झोपा'ची. सगळ्या वर्गानं बाकांवर माना टाकून झोपेचं सोंग घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र पोट धरून हसलात आणि पुढच्या मुलीपाशी जाऊन तिच्याकडून बोटं नीट वळवून घेतलीत.

शिवणवर्गातल्या बायकांना हिशेब शिकवायला मला कधीपासून बोलावताहेत. "मी मॅट्रिक, मला कोण बाई म्हणणार?" म्हणत टाळत होते. आज देवापुढे दिवा लावला आणि होकार कळवून टाकला. उद्या पहिला तास.

हे पत्र पाठवत नाही. तिकिटाचे पैसे वाचतील हे आहेच. पण तुम्हाला कळलं, तर येऊन पहिल्या बाकावर बसाल आणि माझी बोबडी वळेल. चुकले तर आधी हसेन. मग समोरचीला म्हणेन, "तूच दाखव गं."

तुमची भावजय,
उद्यापासून बाई