तक्त्याखालची ओळ

११ जून १९८४, वर्धा
आयातीच्या आकड्यांचा नवा सरकारी खंड कॉलेजात आला. अधाशासारखा उघडला. संगणकांची ओळच गायब! जुन्या खंडात स्वतंत्र होती, आता सगळं 'इतर यंत्रे'त कोंबलंय. हे आकडे गोळा करणाऱ्या दिल्लीच्या खात्याला तिसरं पत्र पाठवलं होतं, त्याचंही उत्तर आजच. 'मागितलेली माहिती प्रसिद्ध करण्याजोगी नाही.' खाली शिक्का. खोकी विमानातून उतरतात, हमाल बघतात, फक्त आकडा कोणी बघायचा नाही. प्रबंधाचं चौथं प्रकरण अडलं. सहा वर्षांची मेहनत. डोकं तडकलंय.

२ जुलै, देवळी
धाकटा भाऊ दिवाकर रजेवर आलाय. दिल्लीला त्याच खात्यात तक्ते करतो. मी त्याला भेटायला म्हणून आले, पण खरं कारण मला ठाऊक आहे. आईच्या समोर नाही विचारलं, ओट्यावर गाठलं.
"ताई, हे नको विचारू. आमच्या सह्या घेतल्या हायेत."
"मी का तोफा विचारून राह्यली का? हिशेबाची यंत्रं तं हायेत."
उठून आत गेला. मग स्टँडवर, बस लागल्यावर, त्यानंच माझी वही ओढली. पाच वर्षांचे आकडे पेन्सिलनं, तोंडपाठ. "कुठून आनले ते लिहू नको." आनंद झाला. लाजही वाटली, पण नंतर.

१९ जुलै
मार्गदर्शक सर खूश. मग चष्मा वर करून, "तक्त्याखाली स्रोत कुठाय?" नंतर भरते म्हटलं. "बाहेरचे परीक्षक दिल्लीचे आहेत. आधी तीच ओळ बघतील." स्रोत नाही म्हणून कॉलेजात शिकवताना मी स्वतः किती पोरींचे तक्ते परत केलेत!

३ ऑगस्ट
दिवाकरचं पत्र. तिकडे कोणत्याशा पेपरात खात्यातला आकडा छापून आला. दि.चा त्याच्याशी काही संबंध नाही, पण चौकशी सगळ्यांची. 'बाहेर कुणाला काहीही सांगितलेलं नाही, असं लिहून दिलं.' पुढे लगेच, 'प्रबंध कुठवर आला?' माझ्यासाठी खोटं लिहून दिलं त्यानं. जेवण गेलं नाही.

११ ऑगस्ट
सरांचा तोडगा: 'लेखिकेचा अंदाज' लिहा. मग अंदाज कसा काढला तेही दाखवायला हवं. दोन दिवस बसून अशी रीत जुळवली की उत्तर बरोब्बर दि.च्या आकड्यावर यावं. पुस्तकामागचं उत्तर बघून गणित सोडवणाऱ्या पोरांसारखं. शेवटचे अंक पुसून शून्यं घातली. तरी त्या खात्यात बसलेल्याला एका नजरेत कळेल. कोणाला फसवतेय मी?

१८ ऑगस्ट
आई देवळीहून आली. पिशवीतून वांगी काढता काढता, "दिवाकरले येगळ्या खोलीत बसवलं म्हनते. काम देऊन नाई राह्यले. काऊन वं?"
माहीत नाही म्हटलं.
"तू येवढी शिकलेली. तुले नाई मालूम तं कोनाले मालूम असन?"
उठून स्वयंपाकघरात गेले. चहा टाकला, दोनदा साखर घातली.

२५ ऑगस्ट
तक्ता काढायचा ठरवलं. प्रक. ४ पुन्हा टाइप करायला दिलं. तक्त्याशिवाय ते नुसतं रडगाणं वाटतं, सर म्हणाले परत येईल. येऊ दे. दि.ला तसं कळवलं.

१ सप्टें.
आज प्रबंध द्यायची शेवटची तारीख. सकाळी दि.चं पत्र आलं, दोनच ओळी. 'ताई, तक्ता काढू नको. काढलास तर मी खोटं कशासाठी लिहून दिलं?'
बाइंडिंगवाल्याच्या दुकानात बसलेय. टेबलावर चौथं प्रकरण दोन्ही तऱ्हेचं, तक्त्यासह आणि तक्त्याविना. त्यानं दोनदा विचारलं, "मॅडम, यातलं कोनतं शिवू?" चारला दुकान बंद करतो म्हणतो. सव्वातीन झालेत.