माझ्या पडण्याच्या नोंदी आणि सांगलीचे घर

मी, श्रीमती चंदनबाला धरणेंद्र मगदूम, वय शहात्तर, राहणार सांगली, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या गोड बोलण्याला न भुलता ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही कोणीतरी मला वेडी ठरवू पाहील. कोण, ते पुढे येईलच.

१. हालचालीतला धक्का मोजणारी यंत्रे, म्हणजे त्वरणमापक, सांभाळण्यात माझी कॉलेजातली नोकरी गेली. मोडीत निघालेली यंत्रे मी रीतसर विकत घेऊन एका पेटीत ठेवली. पेटीतला सर्वांत जुन्या पद्धतीचा नमुना यजमानांनी घरी बनवला: चौकटीत वजन आणि कार्बनच्या चकत्या. शंभर वर्षांपूर्वी पूल आणि विमाने किती हादरतात ते अशांवर बघत. मग दाब पडला की वीज देणारे स्फटिकाचे आले. साखर कारखान्याच्या टर्बाइनला आम्ही तेच चिकटवत असू. मग सिलिकॉनचे, तांदळाच्या दाण्याएवढे, मोटारीतली एअरबॅग उघडणारे. आता मोबाइलात आणि मनगटावरही तेच. तत्त्व एकच: एसटीने गचका दिला की आपण मागे राहतो, तसे आतले वजन मागे राहते; तेवढे मोजायचे. ही पेटी आटपाडीची माझी भाची प्राची हिला, ती विज्ञान शिकवते. निवृत्त विभागप्रमुख जयराज सरांना पेटी उघडूनही दाखवू नये. त्यांनी एक स्फटिक बघायला नेला, तो अजून बघताहेत.

२. माझा मुलगा आर्जव पुण्यात असतो. पडल्यावर निरोप धाडणारे घड्याळ त्याने मला दिले. प्रेमाने दिले, असे तो म्हणतो. गुडघ्यांमुळे मला हळू वाकता येत नाही. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, भगवंतांपुढे मी हात टेकून एकदम खाली जाते. घड्याळाला ते पडणे वाटते. निरोप पुण्याला, तिथून फोन शेजारच्या रूपाली चौगुलेला, आणि ती ओल्या हातांनी बस्तीत हजर.

"आवं काकू, पडलायसा व्हय?"

"न्हाई गं, नमस्कार घालतीय. कुणी सांगितलं?"

"आर्जवदादानं. लय घाबरलाय."

घाबरलेला हा मुलगा पुढच्याच महिन्यात जागेच्या दलालाला घेऊन आला आणि मी एकटी राहण्याच्या स्थितीत नाही असे लिहून घ्यायला डॉक्टरांना मोबाइलवर माझ्या पडण्याच्या नोंदी दाखवू लागला. ते नमस्कार आहेत, असे मी सांगितले. तो म्हणाला, "आई, मशीन कशाला खोटं बोलेल?" मशीन खोटे बोलत नाही. त्याला धक्का कळतो, कारण कळत नाही. कोर्टात त्या नोंदी निघाल्या, तर हे कलम मोठ्याने वाचावे.

३. गेल्या दिवाळीत मी खरोखर पडले. न्हाणीघरात भिंतीला पाठ घासत हळूहळू खाली बसले आणि उठता येईना. धक्का बसला नाही, म्हणून घड्याळ गप्प. मी सूर्यास्ताआधी जेवते. त्या वेळी माझी भांडी वाजली नाहीत, म्हणून रूपालीने हाका मारल्या आणि शेवटी कडी तोडली. आर्जवला कळवू नकोस, असे बजावले, तेही तिने पाळले. माझे स्वकष्टार्जित, माझ्या नावावरचे सांगलीचे घर मी रूपालीला देते. घरावर डोळा ठेवून तर ती आली नसेल ना, अशी शंका मला आली होती. अजूनही येते. तरी कडी तिनेच तोडली.

४. घड्याळ आर्जवला. तोही एकटाच राहतो. पडल्याचा निरोप कोणाला जावा, त्याचा नंबर त्यात घालावा लागतो. त्याने माझा घालू नये. तोवर तो बंद झालेला असेल, आणि आई धावत येईल असे त्याला उगीच वाटत राहील.

हे वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) चंदनबाला धरणेंद्र मगदूम

साक्षीदार:
१. (सही) वीरधवल शंभूराज माने, सांगली
२. (सही) प्रियदर्शनी ऋषिराज जाधव, विटा

रूपाली लाभार्थी असल्याने तिला सहीच्या वेळी बाहेर बसवले होते.

स्थळ: सांगली
दिनांक: १७ मार्च २०२५