काचेच्या खाचेतलं ग्रीस

आबा,

ती मोटर जळाली नव्हती. तेव्हाही सांगत होते, तुम्ही पुरतं बोलू दिलं नाहीत. आता तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आता ऐकाच. नव्वदच्या दशकाची सुरुवात. धुळ्याला आग्रा रोडवरच्या आपल्या गॅरेजात अमळनेरच्या जिनिंगवाल्या शेटची गाडी उभी आहे. बटण दाबून काच वर-खाली होणारी आपल्याकडची एकुलती एक. ड्रायव्हरच्या बाजूची काच कण्हत कण्हत अर्ध्यावर येते, तिरकी होते आणि अडून बसते. तुम्ही दाराला कान लावलात आणि निकाल दिलात, काच चढवणारी मोटर गेली, मुंबईहून मागवू. शेटला घेऊन तुम्ही चहाला गेलात. मी, बी.कॉम. होऊन टेलिफोन उचलायला बसवलेली तुमची मुलगी, पाना घेऊन उठले आणि दाराचं पॅनल उघडलं.

मोटर ठणठणीत होती. दोष तुमच्या ग्रीसचा होता. उन्हाळ्याआधी प्रत्येक गाडीच्या काचेच्या रबरी खाचेत बोटभर ग्रीस भरायचं ही तुमची रीत, आणि अख्खा आग्रा रोड तिचं कौतुक करायचा. हँडल फिरवायच्या गाड्यांना ते खपून गेलं, कारण काच अडली की माणूस जोर लावतो. मोटर बिचारी किती लावणार? या गाडीत तुमच्या ग्रीसवर जिनिंगमधले कापसाचे तंतू आणि आपली धूळ बसून खाचेत अक्षरशः लाडू वळले होते. मी खाच साबणाच्या पाण्याने धुतली, कोरडी केली, कॅरमची पावडर फिरवली. काच धरणारे बोल्ट सैल करून ती हातांनी वर चढवली, वरच्या पट्टीत सरळ बसल्यावर बोल्ट आवळले. बटण दाबलं तर काच सरसर वर. तेवढ्यात तुम्ही आलात.

“काय करी ऱ्हायनी तू? पावडर तोंडले लावतस, गाडीले नई. बाजूले सरक!”

शेटने दोनदा-तीनदा बटण दाबून बघितलं. “वा आबा! कोनी करं हाई?”

माझे काळे हात समोर दिसत होते तुम्हाला. तरी म्हणालात, “मीच करं.”

“खोटं. मी केलं,” मी म्हणाले. शेट हसले, तुम्ही नाही. आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत आणि आठही दिवस मी गॅरेजात पाना घेऊन हजर होते. त्याची माफी मागायला हे लिहीत नाहीये. तुमची रीत चुकली, ते एक वेळ सोडा, चुका माझ्याही होतात. पण माझं काम तुम्ही माझ्यादेखत स्वतःच्या नावावर घेतलंत. ते मला तेव्हा झोंबलं, आजही झोंबतं.

आता गॅरेज मी चालवते. ग्रीसच्या डब्याला काचेच्या आसपास फिरकू देत नाही. परवा जळगावहून एक डॉक्टरीणबाई काच सरळ करून घ्यायला आल्या. माझ्या हातांकडे बघत त्यांनी विचारलं, कोणी शिकवलं हो तुम्हाला? सगळेच विचारतात. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून सांगते. मी दर वेळी म्हणते, वडिलांनी. साफ खोटं, आबा. पण म्हणताना जीभ अडखळत नाही.