मलिद्याच्या ताटाखालची ओळ

आईस, शालोम.

दुबईत आम्ही सगळे मजेत आहोत. गुडघ्याला तेल लावतेस ना?

अमेरिकेतल्या त्या ज्यू साप्ताहिकाचा अंक आला. त्यांचा वार्ताहर एलियाहू हन्नाबीच्या नवसाच्या मलिद्याला इथे दुबईत आमच्याकडे पोटभर जेवला होता. व्हिडिओ कॉलवर तुझी मराठी गाणी ऐकून त्याने डोळेही पुसले होते. आणि छापलं काय, तर ‘हरवलेली जमात वाळवंटात सापडली’. पोहे-खोबऱ्याच्या ताटाखाली लिहिलंय ‘हिंदू प्रसाद’. वाचून संताप आला.

मी त्याला फोन केला. म्हटलं, “आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. माझे आजोबा रेवदंड्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना सांगायचे. आम्ही हरवलो कधी?”

“आमच्या वाचकांना असंच आवडतं,” तो म्हणाला. “आणि मी प्रेमानेच लिहिलंय.”

चूक दुरुस्त कर म्हटलं, तर म्हणे वेबसाइटवर तळाशी एक ओळ टाकू. मग मी वेबसाइटवरून आपली नावं आणि व्हिडिओ कॉलवरचा तुझा फोटोच काढून टाकायला लावला. खलास.

म्हणून अंक पाठवत नाही. तू एव्हाना अख्ख्या आळीत सांगून बसली असशील. कुणी विचारलं तर सांग, छापून आलं होतं, पण लेकीने काढायला लावलं.

तब्येतीला जप.

तुझी,
यायेल