झडप मी बांधली होती

जानेवारीत केलेल्या माझ्या मृत्युपत्राच्या चौथ्या कलमात "प्रज्ञेशच्या घाईमुळे फुटलेला बॉयलर" असे शब्द आहेत. ते खोटे आहेत. ते मृत्युपत्र मी रद्द करत आहे. हेच अखेरचे समजावे.

मी, रचना हरिदास मेश्राम, वय एकतीस, राहणार बेडमिन्स्टर, ब्रिस्टल, पूर्ण शुद्धीवर आहे आणि कुणी सांगितले म्हणून लिहीत नाही. जानेवारीत मानेत गाठ आली होती, त्या भीतीत लिहिले होते. गाठ साधी निघाली. रिपोर्ट मी चारदा वाचला.

१. फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक माझ्या आईला, कांताबाईंना. त्यातून तिने माझ्या नावे दान करू नये, आधी गुडघ्याचे ऑपरेशन करून घ्यावे. सर्व अंमलबजावणी माझा धाकटा भाऊ प्रज्ञेश याने करावी.

२. बाबांबरोबर बनवलेले, कापसातून सरकी काढायचे लाकडी यंत्र प्रज्ञेशच्या मुलीला, अन्वीला. बाबा विमानांच्या कारखान्यात फिटर होते. मी अकरा वर्षांची होईपर्यंत त्यांनी आम्हा दोघांना घरीच शिकवले. अमेरिकेचा इतिहास आम्ही हातांनी शिकलो. बाथटबमध्ये एरी कालव्याच्या पाणी अडवणाऱ्या दरवाजांचे नमुने होते, गार्डनमध्ये रूळ. सरकीच्या या यंत्राने सरकी काढणे सोपे झाले, कापसाची लागवड वाढली आणि शेतात राबणारे गुलामही वाढले. बाबा विचारायचे, "काम कमी झालं, पण कुणाचं?" अन्वीला यंत्र देताना हा प्रश्नही द्यावा.

३. बाबांनी मला दिलेले कातकामाचे लेथ यंत्र आणि शेडमधली सर्व हत्यारे प्रज्ञेशला. कारण लिहिणे भाग आहे.

घरच्या शाळेचा नियम असा होता: आम्ही बनवलेल्या छोट्या वाफेच्या बोटीच्या बॉयलरखाली बर्नर पेटवण्याआधी एकाने, वाफ जास्त झाली की उघडणारी सुरक्षा झडप बोटाने उचलून पाहायची आणि मोठ्याने "उघडते" म्हणायचे. मगच दुसऱ्याने काडी ओढायची. त्या आठवड्यात मिसिसिपीवरच्या आगबोटींचा धडा होता. शर्यत जिंकायला काही कप्तान झडपेवर वजन ठेवत, हे मी वाचले. आमची बोट जोरात जावी म्हणून मी झडप तांब्याच्या तारेने बांधली आणि "उघडते" म्हणाले. प्रज्ञेश नऊ वर्षांचा होता. त्याने माझ्या शब्दावर काडी ओढली.

बॉयलर सांध्यात फाटला. त्याचा उजवा हात भाजला. बाबा धावत येईपर्यंत तार माझ्या खिशात गेली होती.

"बॉयलरमधलं पाणी न बघताच पेटवलंस ना?" बाबांनी त्याला विचारले. तो रडत होता. मी खिशातली तार आणखी आत ढकलली.

त्यानंतर बाबांनी त्याला शेडमध्ये पाऊल टाकू दिले नाही. आज तो ट्रेन चालवतो. बाबा पाहुण्यांना अजून सांगतात, "रचना बनवणारी, हा नुसता चालवणारा. आणि तेही उशिरा."

"उशीर सिग्नलमुळे होतो, बाबा, माझ्यामुळे नाही," असे म्हणून तो हसतो. मी ताट उचलून उठते.

४. "तिसरे कलम बाबांना माझ्यामागे वाचून दाखवावे" असे इथे लिहिले होते. साक्षीदार म्हणून सहीसाठी खालच्या मजल्यावरचे वरदा आणि अंशुमन आले होते; वरदाने ते वाचले.

"अगं, तू एकतीस, बाबा एकाहत्तर. कोण कोणाला वाचून दाखवणार?"

मी म्हटले, कायद्याने चालते.

"कायद्याने चालेल गं. पण तोवर तुझ्या भावाने ऐकूनच घ्यायचं का?"

कलम खोडले आहे, समासात तिघांच्या सह्या आहेत. खोडल्यावर एवढे हलके वाटले की मी चहा टाकला आणि तिघांनी तो पिऊन मगच पुढचे लिहिले.

सही: रचना हरिदास मेश्राम
साक्षीदार, दोघे एकाच वेळी समोर हजर: वरदा केळकर, अंशुमन केळकर
ब्रिस्टल, बुधवार, १२ मार्च २०२५

हे मृत्युपत्र कुणी उघडायची वाट मी पाहणार नाही. बाबा आणि प्रज्ञेश यांना समोरासमोर बसवून मी स्वतः सांगणार आहे: शनिवार, १५ मार्च २०२५.